कारे-कारे : नाव कुणाचे, रस्सा कुणाचा?

मनिलातल्या घरांत सणावाराला ‘कारे-कारे’ शिजते. गाईची शेपटी, कधी पाय आणि वजडीही, तीन-तीन तास मंद आचेवर उकळतात. मांस हाडापासून सुटू लागले की भाजून वाटलेले शेंगदाणे आणि भाजलेल्या तांदळाचे पीठ घालून रस्सा दाट करतात. केशरी रंग येतो तो गरम पाण्यात चोळलेल्या शेंदरीच्या बियांचा. वांगी, चवळीच्या लांब शेंगा, केळफूल ही मंडळी अगदी शेवटी. मिठाचा हात मुद्दाम आखडता ठेवायचा, कारण ताटात शेजारी ‘बागोओंग’ असते, म्हणजे मिठात मुरवलेला जवळा.

नाव ऐकून भारतीय वाचकाचे कान टवकारणारच. त्याला आधारही सापडतो. सप्तवार्षिक युद्धात मद्रासहून निघालेल्या इंग्रज आरमाराने ऑक्टोबर १७६२ मध्ये स्पॅनिश मनिला जिंकले आणि १७६४ पर्यंत ताब्यात ठेवले. त्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते. त्यांतले काही परतलेच नाहीत. मनिलाच्या पूर्वेला काईन्ता गावाच्या परिसरात त्यांनी संसार थाटले. तमिळ ‘करी’ त्यांनीच तिथे नेली आणि मसाले मिळेनात म्हणून शेंगदाण्यावर भागवले, अशी कथा सांगितली जाते.

कथा गोड आहे, पण पातेल्यात डोकावले की ती पटेनाशी होते. हळद नाही, धणे नाहीत, मिरची नाही. मसाल्यांचे एक वेळ सोडून देऊ. पण चिंच आणि नारळ तर फिलिपिन्समध्ये मुबलक. तिथले ‘सिनिगांग’ चिंचेनेच आंबट करतात. मद्रासच्या माणसाने ओळखीच्या या दोन्ही गोष्टी बाजूला सारून शेंगदाणे का वाटावेत? शब्दाचेही तसेच. ‘करी’ मलय भाषेतही आहे, आणि मलयमधून तगालोगमध्ये शब्द येणे स्पॅनिशांच्याही आधीपासून चालू होते. त्यासाठी शिपायांची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

खरा माग जिन्नसांच्या नावांत आहे. तगालोगमध्ये शेंगदाणा म्हणजे ‘मानी’. हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द स्पॅनिशमार्गे आला. शेंदरीचे ‘आत्सुएते’ हे नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतले. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. चीनच्या रेशमाच्या बदल्यात मेक्सिकोची चांदी येई आणि तिच्यासोबत ही झाडेझुडपेही. आपल्या आमटी-उसळीतले दाण्याचे कूटही मुळात अमेरिकेचेच, हे आपण सोयीस्कर विसरतो.

म्हणून शिपायांचे श्रेय मी फार तर नावापुरते मानीन, तेही अर्धेच. रश्शाचा दाटपणा मेक्सिकोच्या वाटेने आला, आणि तांदूळ व जवळा लुझोनचा स्वतःचा. आता शहरांतून दाणे वाटण्याऐवजी पीनट बटरची बरणी उघडतात. जुन्या हाताच्या बायका मात्र तांदूळ अजून कोरडाच भाजतात, तांबूस होईपर्यंत.