ऑक्सिजन-न्यूनता (ऊतकांतील)

ऊतकांना गरजेइतका ऑक्सिजन न मिळणे किंवा मिळालेला वापरता न येणे, या अवस्थेस ऑक्सिजन-न्यूनता म्हणतात. कोविडच्या साथीत ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि हा सगळा विषय बोटावरच्या एका आकड्यावर येऊन ठेपला. तो आकडा रक्तातले हीमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरले आहे एवढेच सांगतो. ऊतकांपर्यंत काय पोचले, ते नाही.

समुद्रालगतच्या विलेपार्ल्यात निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. विमानाने थेट लेहला (सु. ३,५०० मी.) उतरलेल्या पार्लेकराचा तो ९० च्या आसपास येतो. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच. कमी असतो तो हवेचा दाब. महाराष्ट्रात कळसूबाईच १,६४६ मी., त्यामुळे इथे आकडा घसरतो तो बहुधा न्यूमोनियाने किंवा दम्याने. कोविडमध्ये ८० वर आलेला एखादा रुग्ण खाटेवर बसून फोनवर बोलताना दिसे. धाप मुख्यतः साठलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडने लागते आणि तो वायू बाहेर पडतच होता. अशा रुग्णांना बाहेरून दिलेला ऑक्सिजनही तुटू शकतो: नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

फुप्फुसे धडधाकट असूनही ऊतके उपाशी राहू शकतात. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सु. १.३४ मिलि. ऑक्सिजन वाहते. ते १४ ऐवजी ७ ग्रॅम असलेल्या बाईचा आकडा ९८ दिसतो, पण रक्तातला ऑक्सिजन निम्माच असतो. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये ऑक्सिजन घटला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात आणि न्यूनता आणखी वाढते. हृदय थकल्यास रक्तप्रवाहच मंदावतो. सायनाइडच्या विषबाधेत पेशींना आलेला ऑक्सिजन वापरता येत नाही.

सर्वांत फसवा प्रकार बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा. अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, अंग निळे पडत नाही आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो. डोके दुखते, पाय लटपटतात. कडी काढायचे भान उरत नाही, कारण मेंदूला झळ आधी बसते. त्याचा पुरवठा पूर्ण तुटल्यास चार-पाच मिनिटांत कायमची हानी होऊ लागते.

अशा माणसाला प्रथम मोकळ्या हवेत आणावे लागते. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास.