जुन्या संगणकीय खेळांतील ध्वनिदोष व त्यांची दुरुस्ती : एक ऐतिहासिक विचार

जुना संगणकीय खेळ नव्या यंत्रावर चालविला असता चित्र बहुधा यथास्थित उमटते; आवाज मात्र तुटक येतो, किंवा मुळीच येत नाही. हा दोष तंत्रज्ञाने दूर करावा, इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, असा समज दिसतो. तो सयुक्तिक वाटत नाही. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण, त्याच्या ध्यानी येवो वा न येवो, मूळ ध्वनी कोणता होता या प्रश्नाचे उत्तरच देत असतो, आणि ते उत्तर पुढे पुरावा म्हणून अभ्यासकाच्या कानी पडते.

या दृष्टीने ‘कमोडोर ६४’चे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला. त्यातील ‘६५८१’ ही ध्वनीची चिप रॉबर्ट यानेस यांनी रचलेली होती. तिला एकाच वेळी तीन स्वर काढता येत. ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची स्वतंत्र सोय मात्र तिच्यात नव्हती. तथापि तिच्या रचनेत एक वैगुण्य राहून गेले होते. आवाजाची पातळी सोळा पायऱ्यांनी कमीजास्त करता येई, आणि ती बदलली की बाहेर पडणाऱ्या विद्युत्‌दाबाला हिसका बसून ‘टक्’ असा आवाज होई. खेळ रचणाऱ्यांनी नेमका याचाच उपयोग करून घेतला. पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलीत गेले, तर त्या टकटकीतूनच मनुष्याचे बोलणे किंवा ढोलाचा ठोका उमटविता येतो, हे त्यांना उमगले. मार्टिन गॉलवे यांनी ‘आर्कनॉइड’ (१९८७) या खेळाच्या संगीतात ही युक्ती योजिली. पुढे ‘८५८०’ ही सुधारलेली चिप आली. तीत ते वैगुण्य जवळजवळ नाहीसे झाले, आणि त्यासरशी अशा खेळांतील बोलणे व ढोल अत्यंत क्षीण झाले. येथे यंत्रातील दोष गेला म्हणून खेळात दोष उत्पन्न झाला.

यावर निघालेला उपाय अगदी साधा होता. बाहेरचा ध्वनी आत घेण्याच्या चिपच्या टोकापासून शून्य दाबाच्या तारेपर्यंत एक रोधक डाखाने जोडला, की गेलेले वैगुण्य कृत्रिमरीत्या परत येई. आज ‘कमोडोर ६४’चे अनुकरण करणाऱ्या ‘व्हाइस’ या कार्यक्रमात दोन्ही चिपांची, आणि जणू असा रोधक जोडलेल्या ८५८०चीही, निवड करता येते. परंतु यांतील कोणता आवाज मूळ म्हणावयाचा? नवी चिप असलेले यंत्र ज्याने विकत घेतले, त्याने तो क्षीण आवाजच ऐकला. त्याच्यापुरता खेळ तेवढाच होता. शिवाय ६५८१ मधील, काही कंप्रता गाळून नादाला रंग देणारी यंत्रणा चिपागणिक वेगळी असे. संगीतकाराने आपल्याजवळच्या चिपवर कान ठेवून केलेली रचना दुसऱ्याच्या घरी दबलेली ऐकू येई. तेव्हा एक शुद्ध पाठ आणि त्यापासून निघालेले भ्रष्ट पाठ ही पोथ्यांच्या अभ्यासातील मांडणी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रारंभापासूनच पाठ अनेक होते.

आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाची (१९८१) कथा निराळी आहे. तेथे दोषाचे मूळ यंत्राच्या वेगात आहे. या संगणकाला प्रथम केवळ एक लहानसा स्पीकर होता. १९८७ साली कॅनडातील ‘अ‍ॅडलिब’ व १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ अशी ध्वनिकार्डे आली. कार्डाला आज्ञा दिली की तिचे पालन होण्यास काही मायक्रोसेकंद थांबावे लागे. सिएरा कंपनीच्या कित्येक खेळांत ही उसंत प्रोसेसरला निरर्थक फेऱ्या मारावयास लावून मोजलेली आहे. यंत्रे वेगवान झाली तशा त्या फेऱ्या फार लवकर संपू लागल्या, आणि कार्डाचे उत्तर येण्यापूर्वीच खेळ ‘ध्वनियंत्रणा सुरू करता येत नाही’ अशा अर्थाची सूचना देऊन थांबू लागला. काहींनी प्रोसेसरची कॅश बंद करून यंत्रच मंद केले. काहींनी खेळातील ध्वनीचा ड्रायव्हर बदलला. २००२ साली आलेल्या ‘डॉसबॉक्स’ने तर सबंध जुने यंत्र नव्या यंत्राच्या पोटात उभे करून त्याचा वेग वापरणाऱ्याच्या हाती दिला. ड्रायव्हर बदलणे सर्वांत सोयीचे खरे. पण बदललेला ड्रायव्हर मूळ नावानेच खेळाच्या संचात मिसळून जातो, आणि तो प्रथमपासूनचा की मागाहूनचा हे पुढे सांगणे कठीण होते. अभ्यासकाने तरी हा मार्ग शक्यतो टाळावा.

२००७ साली सर्वांसाठी विक्रीस आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ने ध्वनिकार्डापर्यंत पोहोचण्याची ‘डायरेक्टसाउंड’ची थेट वाट बंद केली. त्यामुळे अनेक खेळांतील गुहेचा वा दालनाचा घुमारा लोपला. क्रिएटिव्ह कंपनीच्या ‘अ‍ॅल्केमी’ने तो दुसऱ्या वाटेने परत आणला.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘किंग्ज क्वेस्ट ४’ (१९८८) सारख्या खेळांत उद्भवतो. त्याचे संगीत साध्या स्पीकरवर वाजे, ध्वनिकार्डावर वाजे, आणि रोलँडच्या ‘एमटी-३२’ या महागड्या वाद्ययंत्रावरही वाजे. आजचे दुरुस्तीकार बहुधा एमटी-३२चे अनुकरण जोडून देतात व त्यालाच मूळ ध्वनी म्हणतात. संगीतकाराचा हेतू त्यातून कळतो, हे मान्य. परंतु ज्यांच्यापाशी केवळ स्पीकर होता त्यांनी काय ऐकले, हे त्यातून कळत नाही. खेळांचा सामाजिक इतिहास लिहावयाचा तर स्पीकरची ती किणकिण अधिक मोलाची आहे, आणि नेमकी तीच ‘दोष’ समजून वगळली जाते.

म्हणून संग्रहासाठी ध्वनिमुद्रण करताना यंत्र, चिपचा क्रमांक, ड्रायव्हरची आवृत्ती आणि प्रोसेसरचा वेग यांची नोंद मुद्रणासोबतच ठेवावी. ‘कमोडोर ६४’ जुन्या बाजारातून आणला असेल, तर प्रथम तो उघडून पाहावा; कोणा पूर्वीच्या मालकाने रोधक जोडलेला असतो, आणि बाहेरून त्याचा काहीएक पत्ता लागत नाही.