सांगोल्याहून माझगावच्या चिनी देवळात

सांगोल्याला बार्शी लाइटमध्ये बसताना ते इंजीन बघून तुम्हाला हसू आलं होतं. अडीच फुटी रूळ, त्यावर धापा टाकणारी गाडी; पंढरपूर घेत कुर्डुवाडी येईपर्यंत अंग आंबून गेलं. तिथून मोठ्या लाइनीनं मुंबई. आज १ सप्टेंबर १९३८. चाळीचाळींत गणपती बसलेत, आणि तुम्ही डॉकयार्ड रोडला उतरून माझगावात चिनी देव शोधताय.

नवाब टँक रोडवरचं हे देऊळ म्हणजे घरच. कळस नाही, दीपमाळ नाही. जिना चढून वर गेलात की उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जातो. देव कुआन कुंग, लांब दाढीचा आणि लाल चेहऱ्याचा. सतराशे वर्षांपूर्वी खरंच होऊन गेलेला सरदार. दिल्या शब्दाला जागला म्हणून लोकांनी त्याला देव केलं. ताओपंथी त्याला भजतात, बौद्धांनाही तो चालतो. कँटनजवळच्या चार तालुक्यांतल्या लोकांनी १९१९ मध्ये हे बांधलं. त्यांत खलाशी बरेच. गिरणगावात एकेका गावाची खोली असते, नवा पोरगा आला की आधी तिथंच वळकटी टाकतो. माझ्या मते हीसुद्धा आधी तशी खोली, मग देऊळ. १९६२ च्या युद्धानंतर ही वस्ती ओसरेल, तरी चिनी नववर्षाला लोक इथं जमतच राहतील.

एक म्हातारा गुडघे टेकून काड्यांचा डबा खुळखुळवतोय. एक काडी सरकत सरकत वर येते आणि खाली पडते. तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी तो शोधून काढतो. कौल कशाचा लावलाय, हे विचारावं लागत नाही. वर्षभर जपानी विमानं कँटनवर बॉम्ब टाकताहेत.

मग गल्लीतली खाणावळ. मंचुरियन मागू नका, त्याच्या जन्माला अजून चाळीसेक वर्षं आहेत, आणि तो व्हायचाय मुंबईतच. समोर येते भाताची पेज, शीतन्‌शीत विरघळलेली, सोबत खारवलेली मासळी. मग वाफेवर शिजवलेला अख्खा मासा. वर आल्याचे बारीक उभे काप, कांद्याची पात, आणि त्यावर ओतलेल्या कडकडीत तेलाचा चर्र आवाज. तिखटाचं नाव नाही. पहिला घास आजाऱ्याचा वाटतो. दोन-तीन घासांनी मासा किती ताजा आहे ते जिभेला कळायला लागतं. कँटनी आचाऱ्याचा सगळा भर त्यावरच. तरी तुम्ही पिशवीतली शेंगाचटणी काढताच. मालक बोटानं चाखतो आणि स्वतःचा वाडगा पुढं करतो.

आजच बंदरातून राजपुताना बोट निघते आहे. काँग्रेसनं चीनला धाडलेले पाच डॉक्टर तिच्यावर आहेत. एक नागपूरचे चोळकर, एक सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय सत्तावीस. १७ सप्टेंबरला ते कँटनला उतरतील, आणि पुढच्याच महिन्यात ते शहर पडेल. हे मालकाला सांगू नका. कोटणीस आमच्याकडचे, एवढं सांगा. आणि त्यानं जेवणाचे पैसे घेतले नाहीत, तर फार आग्रह करू नका.