रहिवासी मंडळे व नागरी सेवा, वऱ्हाडातील

नागरी वस्तीतील घरमालकांनी व भूखंडधारकांनी आपल्या परिसरातील पाणी, रस्ते, गटारे, दिवाबत्ती, सफाई आणि खुल्या जागा यांच्या व्यवस्थेसाठी एकत्र येऊन स्थापन केलेल्या संस्थांना सामान्यतः रहिवासी मंडळे म्हणतात. अशा संस्था महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आढळतात. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या दोन प्रमुख नगरांत मात्र त्यांची घडण मुंबईतील गृहनिर्माण संस्थांहून निराळ्या प्रकारे झाली. मुंबईत इमारत व तिच्याखालील जमीन ही सामान्यतः सभासदांची सामायिक मालमत्ता मानली जाते आणि ती सांभाळण्यासाठी कायद्यानेच संस्था निर्माण केलेली असते. वऱ्हाडात घर स्वतंत्र व कुंपणही स्वतंत्र. सामायिक असते ते कुंपणाबाहेरचे : रस्ता, नाली, विजेचा खांब आणि वसाहतीत सोडलेले मैदान. या सामायिक गोष्टींचा धनी कोण व त्यांची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न येथील नागरी इतिहासात वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा उद्‌भवला आहे.

वऱ्हाडातील जुनी नगरे पुरे व पेठा यांची बनलेली होती. अमरावतीतील महाजनपुरा, अंबापेठ, राजापेठ किंवा अकोल्यातील ताजनापेठ ही नावे त्या रचनेची साक्ष देतात. पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे, तर पुऱ्यातील विहीर, देऊळ व रात्रीची राखण यांची जबाबदारी तेथील जाणत्या मंडळींकडे असे. संरक्षण ही या काळातील सर्वांत मोठी सामायिक गरज होती. पेंढाऱ्यांपासून अमरावतीच्या धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये नगराभोवती तट बांधावयास घेतला. हे काम १८२१ च्या सुमारास पुरे झाले व त्यास सुमारे चार लक्ष रुपये खर्च आला. तटाचा घेर सव्वादोन मैल (सु. ३·६ किमी.) असून त्यास पाच वेशी व चार खिडक्या होत्या. त्यांपैकी खुनारी खिडकीजवळ १८१८ मध्ये झालेल्या दंग्यात सुमारे ७०० माणसे मारली गेली, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते. तट हा बाहेरच्या शत्रूंना रोखणारा होता. आतल्या वैराला त्याचा उपाय नव्हता. अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगड व त्यालगतचे जुने शहर वसले होते. दहीहांडा वेस, अगर वेस ही स्थलनामे तेथे अद्याप प्रचारात आहेत.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर आणि १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यानंतर कापसाच्या व्यापाराने ही दोन्ही नगरे झपाट्याने वाढली. तथापि ही वाढ जुन्या वस्तीला लागून झाली नाही. अमरावतीत तटाबाहेर अंतर राखून ‘कॅम्प’ वसला. अकोल्यात मोर्णेच्या पूर्व तीरावर कचेऱ्या व अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले. रुंद रस्ते, मोठाली आवारे व झाडांच्या रांगा या गोष्टी नव्या वस्तीत, तर दाट लोकवस्ती, अरुंद गल्ल्या व उघड्या मोऱ्या जुन्या वस्तीत, अशी विभागणी त्यामुळे झाली. १८६० नंतरच्या दशकात येथे नगरपालिका आल्या आणि १८८६ च्या वऱ्हाड म्युनिसिपल कायद्याने त्यांच्या कारभाराला निश्चित चौकट मिळाली. अमरावतीच्या नगरपालिकेत गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांच्यासारख्या वकिलांनी प्रमुख पदे भूषविली. मताधिकार कर व मालमत्ता यांच्याशी निगडित असल्याने घरमालक हाच त्या काळचा नागरिक होता, असे म्हणावयास हरकत नाही. भाडेकरूला आणि मजुराला नगरपालिकेत आवाज नव्हता.

नगरपालिकांचे पहिले भरीव कार्य पाणीपुरवठ्याचे. अमरावतीला वडाळी व छत्री या तलावांचे, तर अकोल्याला कापशी तलावाचे पाणी मिळू लागले. सफाईची कथा मात्र तितकीशी अभिमानास्पद नाही. घरामागील गल्लीतून मैला वाहून नेण्याचे काम विशिष्ट जातीच्या कामगारांवर लादलेले होते. त्यांना आवश्यक मानणाऱ्या वस्तीने त्यांच्या राहण्याची सोय मात्र नगराच्या कडेलाच केली. करदात्यांच्या सेवांचा इतिहास लिहिताना या कामगारांचा उल्लेख बहुधा एखाद्या खर्चाच्या रकान्यात येतो. कोरडे संडास बांधण्यास व हाताने मैला साफ करविण्यास कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये. वऱ्हाडच्या संदर्भात येथे गाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) उल्लेख अपरिहार्य ठरतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या संताने स्वतः हाती खराटा घेऊन गावे झाडली व झाडण्याचे काम हलके मानण्याच्या वृत्तीवर आघात केला. अमरावतीत त्यांच्या समाधीच्या परिसरात पुढे जी वसाहत वाढली, तिला गाडगेनगर हेच नाव आहे.

नगरपालिकेच्या सूचना लोकांपर्यंत दवंडीने पोहोचत. पुढे अकोल्याच्या वऱ्हाड समाचार या साप्ताहिकासारखी पत्रे निघाली व विसाव्या शतकात ब्रिजलाल बियाणी यांचे मातृभूमि हे पत्र अकोल्याहून निघू लागले. स्थानिक तक्रारींना छापील जागा मिळाली ती अशा पत्रांतूनच.

स्वातंत्र्यानंतर घरांच्या टंचाईमुळे सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ जारी झाला. त्यानुसार घर रिकामे झाल्यास त्याची वर्दी द्यावी लागे व भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात येईपर्यंत विदर्भात हाच आदेश चालू होता. जुन्या पेठांतील वाडे मोडकळीस येण्याची जी अनेक कारणे झाली, त्यांत या निर्बंधांमुळे गोठलेली भाडी हे एक होय. भाडेकरूंना मात्र त्यांनी दीर्घ काळ आसरा दिला. पाकिस्तानातून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या अमरावतीतील कंवरनगर व अकोल्यातील सिंधी कॅम्प या वसाहती याच काळातील.

वऱ्हाडी रहिवासी मंडळाचा खरा जन्म ‘ले-आउट’मध्ये झाला. शासकीय परिभाषेत यास अभिन्यास म्हणतात. अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती हे १९८१ मध्ये नव्या महसुली विभागाचे मुख्य ठिकाण व १९८३ मध्ये विद्यापीठाचे केंद्र बनले. शिक्षक, कारकून, अभियंते, बँकांचे सेवक असा निश्चित पगाराचा वर्ग वाढला आणि त्याला स्वतःचे घर हवे होते. कर्मचाऱ्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी किंवा खाजगी जमीनमालकांनी शहरालगतची शेते घेतली, अकृषिक परवानगी मिळविली, आराखडा मंजूर करून घेतला व भूखंड विकले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हे तीन कायदे या व्यवहाराचा पाया होत. नव्या वसाहतींना नगर, कॉलनी अशी नावे मिळाली. अकोल्यातील रतनलाल प्लॉट्स या भागाच्या नावात तर भूखंड हा शब्दच राहून गेला आहे.

कागदावर या क्रमात आधी रस्ते, नाल्या व वीज आणि नंतर घरे येतात. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा झाला. शेतात दगडी खुणा रोवून भूखंड विकले जात व खरेदीदार कर्ज काढून घर बांधून राहावयास येई, तेव्हा अंगणापर्यंत पोहोचणारा रस्ता कच्चा असे. वऱ्हाडच्या काळ्या कापसाच्या जमिनीत ही अडचण अधिकच जाचक ठरते. ही माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे घराचा पाया खोल घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात मुरूम टाकल्यावाचून वाटेने चालता येत नाही. पाणी मातीत लवकर मुरत नसल्याने शोषखड्डे तुंबून सांडपाणी शेजारच्या रिकाम्या भूखंडात साचते. भूखंडाचा मालक परगावी असतो व त्याने तो केवळ किंमत वाढण्याच्या अपेक्षेने घेतलेला असतो. डास, साप व कचरा यांचा उपद्रव शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. वसाहतीतील पहिली सभा बहुधा कोणाच्या तरी ओट्यावर, मुरमाच्या वर्गणीसाठी भरते. पुढे पथदिवे, बोअरवेल, रात्रीचा चौकीदार आणि गणेशोत्सव यांसाठी हीच वर्गणी चालू राहते. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदविले जाते. अनेक मंडळे नोंदणीशिवायही वर्षानुवर्षे चालतात. वर्गणी न देणाऱ्यावर कोणताही इलाज नसणे ही या सर्वांची सामायिक दुर्बलता होय.

मंजूर ले-आउटमधील रहिवाशाची गाऱ्हाणी ऐकली तरी जातात. ज्यांनी गुंठ्याने जमीन घेतली, त्यांची स्थिती याहून बिकट. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग (१,०८९ चौ. फूट). अकृषिक परवानगी वा मंजूर आराखडा नसताना शेताचे असे तुकडे पाडून ते हमाल, हातगाडीवाले, गवंडी, छोटे दुकानदार अशांना विकले गेले. घर त्यांचे, परंतु वसाहत नकाशात नाही. म्हणून नळ नाही, नाली नाही, कर्जही नाही. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ अन्वये १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद झाली व २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमितीकरणाचे अर्ज भरणे, शुल्काचे हप्ते गोळा करणे व कचेरीत खेटे घालणे हेच अशा वस्त्यांतील मंडळांचे मुख्य कार्य बनले.

खुल्या जागेचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. मंजूर अभिन्यासात साधारणतः एकदशांश क्षेत्र खेळ व विरंगुळ्यासाठी मोकळे सोडावे लागते. भूखंड विकले गेल्यावर ही जागा मूळ मालकाच्या नावे राहते, नगरपालिका ती आपली मानते आणि रहिवाशांनी तर भूखंडाच्या दरात तिची किंमत मोजलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने बंगलोरच्या एका उद्यानासंबंधीच्या खटल्यात (बंगलोर मेडिकल ट्रस्ट वि. मुद्दप्पा, १९९१) उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयास देणे अवैध ठरविले आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा शेजारच्या रहिवाशांचा अधिकार मान्य केला. दिल्लीच्या पंडित चेतराम वशिष्ठ खटल्यात पालिकेला अभिन्यासातील खुली जागा विनामोबदला आपल्या मालकीची करून घेता येत नाही, परंतु लोकहितासाठी तिची देखरेख करता येते, असे सांगितले. मालकी एकाची, देखरेख दुसऱ्याची व उपभोग तिसऱ्याचा, अशी ही तिहेरी स्थिती आहे. वऱ्हाडातील मंडळांनी अशा जागांवर बगीचे, वाचनालये व व्यायामशाळा उभ्या केल्या. अनेक ठिकाणी जागा वाचविण्याचा सोपा मार्ग म्हणून देऊळ बांधले. देवळामुळे अतिक्रमणे थांबली हे खरे. पण मुलांचे मैदानही त्यातच गेले, आणि दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याचा त्या जागेवरील हक्क नावापुरता उरला. सार्वजनिक जागेत नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. तेव्हापासून हा वाद मंडळांच्या सभांतून न्यायालयांत गेला.

पाण्याच्या बाबतीत दोन नगरांचे दैव सारखे नाही. अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला असून तेथील भूजल खारे आहे. त्यामुळे नळाला पर्याय म्हणून विहीर खोदण्याची सोय सर्वत्र उपलब्ध नाही. शहराचा भार काटेपूर्णा नदीवरील महान येथील धरणावर असून अवर्षणाच्या वर्षी नळ अनेक दिवसांच्या अंतराने येतो. घरोघरी जमिनीखालच्या टाक्या असतात. टाकी मोठी बांधण्याची ऐपत नसलेल्यांना टंचाईची झळ आधी लागते. अमरावतीस मोर्शीजवळील अप्पर वर्धा प्रकल्पाचे पाणी मिळू लागल्यावर तेथील ताण पुष्कळ कमी झाला. तेथे घरगुती नळजोडण्यांची व्यवस्था महानगरपालिकेकडे नसून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. परिणामी जलवाहिनीसाठी रस्ता खोदणारी संस्था एक व तो बुजविणारी दुसरी, अशी स्थिती होते. रहिवासी मंडळाचा पत्रव्यवहार दुप्पट होण्याचे हे एक साधे कारण.

अमरावती महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी बडनेऱ्यासह अस्तित्वात आली, तर अकोला महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी. १९०१ मध्ये सुमारे ३४ हजार वस्तीच्या अमरावतीची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ६·४७ लक्ष होती. अकोल्याची याच काळात सुमारे २९ हजारांवरून ४·२५ लक्षांवर गेली. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढवून मलकापूर, खडकी, शिवणी यांसारखी भोवतालची गावे शहरात घेण्यात आली. ग्रामपंचायतीचा अल्प कर भरणाऱ्या घरमालकांना महानगरपालिकेची घरपट्टी आधी व सेवा नंतर मिळाल्या. २०१७ मधील करवाढीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) तीन लक्षांवरील नगरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या आणि महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांवर सेवाभावी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद झाली. २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूदही करण्यात आली. व्यवहारात ती रूढ झाली नाही. मंडळांचा खरा उपयोग कायद्याबाहेरच अधिक झाला. जानेवारी २०१८ मध्ये जलपर्णीने व सांडपाण्याने भरलेली मोर्णा स्वच्छ करण्यासाठी जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने हजारो अकोलेकर नदीपात्रात उतरले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच नदीला पूर येऊन काठच्या वसाहतींत पाणी शिरले. नाले बुजवून पाडलेले भूखंड कोणते, हे त्या रात्री पाण्याच्या वाटेने स्पष्ट झाले. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकच नसल्याने बंद पथदिव्याचा वा तुंबलेल्या नालीचा अर्ज लिहिणे, त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या घेणे व तो कचेरीत नेऊन देणे, हे काम पुन्हा वसाहतीतील दोन-चार निवृत्त मंडळींकडे आले.