एक कान, अनेक बोटं

एका कॉम्प्युटरला चार-पाच वायरलेस रिमोट जोडता येतात का, असं भाच्याने विचारलं. घरच्या गणपतीत त्याला प्रश्नमंजुषा घ्यायची होती. "येतात की!" म्हणून मोकळा झालो असतो, पण या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागे पन्नासेक वर्षांचा मजेदार इतिहास आहे. तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शहराला (तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) रिमोट काही परका नाही. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे. पण टीव्हीचा रिमोट हा एकतर्फी प्राणी. तो इन्फ्रारेड प्रकाशाची उघडझाप करून निरोप धाडतो. निरोप पोचला की नाही, हे त्याला कळत नाही. दोन रिमोट एकदम दाबले की निरोप एकमेकांत मिसळतात आणि टीव्हीला बहुधा एकही कळत नाही.

म्हणजे खरी अडचण जोडण्याची नाहीच; एकाच वेळी अनेकजण बोलले तर कुणाचं ऐकायचं, ही आहे.

हिचं पहिलं गाजलेलं उत्तर हवाई बेटांवर सापडलं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते (समुद्रातल्या लाटांवर सर्फिंग करायला मिळावं म्हणून ते हवाईला गेले!). विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर एकाच ठिकाणी आणि वापरणारे लांब लांब. १९७१ मध्ये त्यांच्या चमूने 'अलोहानेट' सुरू केलं. सगळ्या टर्मिनलना बोलायला रेडिओची एकच वाट. नियम अगदी सोपा: बोलायचं असेल तेव्हा बोला. पोच आली तर ठीक. नाही आली तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजा, थोडं थांबा आणि पुन्हा बोला. मात्र किती थांबायचं ते ज्याने त्याने मनाला येईल तसं ठरवायचं. गुलमंडीच्या एखाद्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या आणि दोघेही एकदम थांबून एकदम निघाले तर काय होतं, आठवा. सगळी गंमत त्या अनियमित थांबण्यात आहे.

ही पद्धत उधळी होती. फार तर १८ टक्के वेळच कामी येई. पण तिच्याच प्रेरणेतून १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना निघाली.

पुढे १९९८-९९ च्या सुमारास ब्लूटूथ आलं. त्यात हवाईसारखी मोकळीक नाही. मुख्य यंत्र शाळेतल्या हजेरीसारखं एकेकाला विचारतं आणि ज्याचं नाव पुकारलं त्यानेच बोलायचं. मूळ रचनेत एका वेळी सातच जण बोलू शकत, कारण प्रत्येकाचा क्रमांक तीन बिटांचा. त्यातून आठ आकडे निघतात आणि शून्य सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखून ठेवलेला. २००६ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या 'वी' या खेळाचे चार रिमोट असेच ब्लूटूथवर चालत. भाच्याचं काम इथेच भागतं.

पण साठ मुलांच्या वर्गाचं काय? तिथे 'क्लिकर' नावाचे छोटे रिमोट वापरतात. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आणि कॉम्प्युटरला एकच रिसीव्हर. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि प्रेक्षक बटणं दाबून मत देताना आपण सगळ्यांनी पाहिले. वर्गात याचा खरा फायदा मागच्या बाकावरच्या अबोल मुलीला होतो. तिचं उत्तर शेजारणीला दिसत नाही, पण बाईंना कळतं. हात वर करायची भीती उरत नाही.

आणि आता याच्या अगदी उलट उदाहरण. आपल्या मतदान यंत्रातही उमेदवार पंधराच्या वर गेले की अनेक बॅलट युनिट एकाच कंट्रोल युनिटला जोडतात. पण मुद्दाम वायरने, रेडिओचं नाव नाही. शिवाय सगळे मतदार त्याच यंत्राचं बटण दाबतात, कुणाला वेगळा क्रमांक नाही.

वर्गात प्रत्येक बोटाची ओळख हवी, मतदानात ती मुळीच नको. रिमोट किती जोडता येतील हे तंत्रज्ञान सांगेल. पण कोणतं बोट कुणाचं हे कॉम्प्युटरला कळावं का, हे आपणच ठरवायचं असतं. भाच्याला मी तेवढंच विचारलंय: आजीचं चुकलेलं उत्तर पडद्यावर तिच्या नावासकट दाखवणार आहेस का?