काळविटाचं अंतर, काडतुसाची धाव

दौंडहून पाटस, कुरकुंभकडे किंवा शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालं की आज दोन्ही बाजूंना ऊस लागतो. दीडशे वर्षांपूर्वी इथे नजर अडवणारं फारसं काही नव्हतं. मुरमाड माळ, कुसळी गवत, मध्येच एखादी बाभूळ किंवा बोर आणि पावसाळा संपला की भुऱ्या पडत जाणाऱ्या टेकड्या. भीमा आणि घोड या नद्यांच्या आसपासचा हा प्रदेश काळविटांचा, चिंकारांचा, लांडग्यांचा आणि माळढोकांचा होता.

काळवीट हा आकाराने मोठा प्राणी नाही. पुरता वाढलेला नर पस्तीस-चाळीस किलोंचा भरतो. दडायला झाडी नाही, म्हणून त्याचं सगळं संरक्षण तीक्ष्ण नजर आणि वेगवान पाय यांवर. धोका दिसला की तो दोन-तीनशे मीटर दूर जाऊन उभा राहतो आणि मागे वळून पाहतो. हे राखलेलं अंतर हीच त्याची ढाल. शिरूर-दौंडच्या माळावरचा बंदुकीचा इतिहास म्हणजे ही ढाल कशी भेदली गेली त्याचा इतिहास.

बंदुकीच्या आधी इथे फासेपारधी होते. त्यांचं हत्यार फास. हरणांच्या रोजच्या वाटा, पाणवठे, वाऱ्याची दिशा हे सगळं पाहून जमिनीलगत फासांची रांग लावायची आणि कळप हळूहळू तिकडे सरकवायचा. जवळ जायचं तर शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडोशाने जायचं, कारण माणसाला बुजणारं हरीण गुराला बुजत नाही. या कौशल्याला पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी समाजाच्या अंगावरचा संशय त्याच्यासोबत गेला नाही.

माळावर बंदुका मोठ्या संख्येने आल्या त्या छावणीबरोबर. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलुखात आली आणि तिचं एक मुख्य ठाणं घोडनदीकाठी, शिरूरला बसलं. इथल्या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. आसपासच्या गावांतले लोक त्याच्या थडग्याला सत्पुरुषाचं स्थान मानू लागले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची, पुढे कोरेगावला लढलेली तुकडी पुण्याकडे निघाली तीही शिरूरहूनच. त्याच वर्षी उभं राहिलेलं पूना हॉर्स हे घोडदळ पुढे बराच काळ शिरूरला होतं. छावणी म्हणजे शेकडो बंदुका, दारूचा साठा आणि हिवाळाभर शिकारीला मोकळे असलेले तरुण अधिकारी.

तरीही त्या काळच्या बंदुकीला काळवीट सहजासहजी मिळत नसे. फौजेतली 'ब्राउन बेस' ही ठासणीची बंदूक तीन चतुर्थांश इंच व्यासाच्या नळीची. नळी आतून गुळगुळीत, गोळी गोल आणि थोडी सैल. सत्तर-ऐंशी मीटरच्या पुढे ती कुठे लागेल याची खात्री नसे. काळवीट त्याच्या तिप्पट अंतरावर उभं. म्हणून गोऱ्या शिकाऱ्यांनी पारध्यांचाच धडा गिरवला. शेतावर जाणाऱ्या बैलगाडीची हरणांना सवय असते. गाडीच्या आडोशाने तिरपं तिरपं जात राहायचं आणि पुरेसं जवळ आल्यावर गाडी न थांबवता हळूच खाली उतरायचं. रानडुकरासाठी मात्र घोडा आणि भाला हीच रीत होती. त्याला गोळी घालणं त्या अधिकाऱ्यांत कमीपणाचं समजत.

माळढोकाचा बचाव याहून कमी पडला. शेजारच्या नगर भागात मॅन्सफील्ड नावाच्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. विल्यम हेन्री साइक्सनेही दख्खनच्या पक्ष्यांबद्दल लिहिताना हजारभर माळढोक मारणाऱ्या एका गृहस्थाचा उल्लेख केला आहे. हा साइक्स १८१७ च्या खडकीच्या लढाईत होता. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती जमवत तो हिंडला. इथल्या चिंकाराचं आणि लांडग्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये प्रसिद्ध झालं ते त्याच्याच हातून. चिंकाराच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्याचं नाव आणि ते साल लिहितात. त्या काळी प्राण्याची ओळख पटवायची तर आधी तो मारावा लागे. एकाच बंदुकीने ज्ञानही वाढवलं आणि प्राणीही कमी केले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळीच्या आत पीळदार आटे सर्रास दिसू लागले आणि रायफलीचा काळ सुरू झाला. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पण जड गोळी आणि मंद वेग असला तर ती लवकर खाली झुकते. माळावर अंतराचा अंदाज चुकणं नेहमीचं, त्यामुळे हा झोक शिकाऱ्याला नडे. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर पुस्तकच लिहिलं आणि गोल गोळी, भरपूर दारू आणि आट्यांना अगदी कमी पीळ असा उपाय सुचवला. लंडनच्या पर्डीने त्याआधीच, १८५६ च्या सुमारास, हलकी लांबट गोळी आणि दारूचा मोठा बार जोडून 'एक्सप्रेस' रायफली बनवायला घेतल्या होत्या. वेगवान आगगाडीवरून दिलेलं ते नाव. योगायोग असा की खरी आगगाडीही तेव्हाच इकडे येत होती: १८५८ मध्ये पुण्यापर्यंत, १८६० पर्यंत सोलापूरपर्यंत. १८७८ ला दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. पुण्याच्या शिकाऱ्याला काळविटांचा माळ आता काही तासांवर आला.

दुसरा मोठा बदल काडतुसाचा. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी एकाच धातूच्या नळकांड्यात आली. ठासणीच्या बंदुकीला पुन्हा भरायला अर्धा मिनिट लागे. आता काही सेकंद पुरू लागले. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, म्हणजे काडतूस पुणे जिल्ह्यातच बनू लागलं.

फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची एकतीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण चारशे दहा मीटर वेगाने निघे. दोनशे मीटरवर पोचेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सव्वा मीटरहून जास्त खाली येई. काळविटाच्या छातीची खोली जेमतेम दीड वीत. वीस-तीस मीटरचा अंदाज चुकला तरी गोळी पोटाखालून जाणार किंवा, त्याहून वाईट, पाय मोडून जनावर तडफडत पळणार. शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि हे गणित बदललं. पुढच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची अकरा ग्रॅमची टोकदार गोळी सेकंदाला सुमारे साडेसातशे मीटर जाऊ लागली; दोनशे मीटरवर तिचा झोक अर्ध्या मीटरच्या आत. काळ्या दारूच्या धुराने समोरचं झाकलं जाई तेही थांबलं. काळवीट ज्या अंतरावर थांबून मागे पाही, ते आता सुरक्षित राहिलं नाही.

अमेरिकेत एल्कच्या शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. तिथला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एल्मर कीथ हा लेखक जड आणि रुंद गोळीचा आग्रह धरी, तर जॅक ओ'कॉनर १९२५ च्या हलक्या, वेगवान २७० (नळीचा व्यास, इंचाच्या हजारांशात) काडतुसाची बाजू घेई. दख्खनच्या माळावर तो वाद उद्भवला नाही. चाळीस किलोंच्या हरणाला जड गोळीची गरज नव्हती, गरज होती सरळ जाणाऱ्या गोळीची. म्हणून २५६ मॅनलिखर किंवा २७५ रिग्बीसारख्या लहान व्यासाच्या रायफली इथे योग्य ठरल्या.

पण निवड फक्त जनावर पाहून होत नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला; युरोपियनांना त्यातून सूट होती. त्यामुळे गावात ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आणि गोऱ्या साहेबाच्या तंबूत रायफल अशी विभागणी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने ४५० व्यासाच्या रायफलींना मनाई केली, कारण ती काडतुसं फौजेच्या जुन्या बंदुकांनाही चालतील ही भीती. मग इंग्रज कारखानदारांनी ४७० आणि ४६५ सारखे नवे व्यास काढले. थ्री-नॉट-थ्रीवरही नागरिकांना असंच बंधन होतं, म्हणून ३१५ बोअरची रायफल रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी तीच बनवली.

वेगवान गोळीचा आणखी एक धोका होता. चुकलेली रायफलीची गोळी सपाट माळावर दोन-दोन किलोमीटर जाऊ शकते, आणि हा माळ कधीच निर्मनुष्य नव्हता. धनगरांचे वाडे, गुराखी पोरं, सरपण वेचणाऱ्या बाया तिथे असतच.

सगळ्यात वाईट काळ दुसऱ्या महायुद्धानंतर आला. फौजेच्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या. रात्री जीप, प्रखर दिवा आणि बारा बोअरमध्ये जाड छर्र्याचं एलजी काडतूस. दिव्याने दिपलेलं हरीण जागचं हलत नाही. नेम, वारा, अंतर यांतलं काहीच जाणण्याची गरज उरली नाही. याच वेळी पाणीही येत होतं. खडकवासल्याचा कालवा एकोणिसाव्या शतकातच पाटसकडे पोचला होता. १९६० च्या दशकात घोड धरण झालं, पाठोपाठ साखर कारखाने उभे राहिले आणि माळ नांगराखाली गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट मारणं बंद केलं, तेव्हा कळप आधीच विखुरले होते. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आतलं अभयारण्य झालं. १९९७ मध्ये दौंडला लागून असलेल्या सुपे भागात चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, तेही पाच चौरस किलोमीटरच्या आसपास.

उसाने दुसरंच जनावर आणलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेल्यावर वनविभागाच्या परवानगीने नेमबाजांनी एक बिबट्या गोळ्या घालून मारला. ती गोळी कायद्याच्या चौकटीतली आणि लोकांच्या जिवासाठी होती. पण माळ मोडून आपण उसाचं दाट रान उभं केलं आणि त्यात बिबट्याला घर मिळालं, हेही त्या घटनेचं एक मूळ आहे.

उरलेल्या गवताळ रानांना सरकारी भाषेत फार काळ पडीक म्हटलं गेलं. २०२४ मध्ये पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली. तिथे स्थानिक तरुण वाटाडे म्हणून काम करतात. शिरूर आणि दौंडच्या उरल्यासुरल्या माळांवरही असं काम व्हायला हवं, आणि त्यात पारधी कुटुंबांना पहिलं स्थान मिळायला हवं. कळपाची वाट, पाणवठा आणि वाऱ्याची दिशा यांचं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि वनविभागाच्या गणनेला, गस्तीला आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणाला आज त्याच ज्ञानाची गरज आहे.