सूत्र कुठे जन्मले?

'आर' या संगणकभाषेतल्या चार ओळी. मूळ रोमनमधल्या, इथे उच्चाराप्रमाणे उतरवल्या आहेत.

पदे <- सी("डब्ल्यूटी", "एचपी")

ही दोन्ही एमटीकार्समधल्या स्तंभांची नावे. एमटीकार्स हा 'आर'सोबत येणारा जुना तक्ता: 'मोटर ट्रेंड' या अमेरिकी मासिकाच्या १९७४ च्या अंकातल्या ३२ मोटारी. डब्ल्यूटी म्हणजे वजन, हजार पौंडांत. एचपी म्हणजे अश्वशक्ती. अवतरणांत आहेत तोवर ही नुसती अक्षरे. यादी बदलून पन्नास मॉडेले लूपमध्ये फिरवायची असतात, म्हणून हा खटाटोप.

सू <- ॲज.फॉर्म्युला(पेस्ट("एमपीजी ~", पेस्ट(पदे, कोलॅप्स = " + ")))

खरी मेख इथे. एमपीजी म्हणजे एका गॅलनला मिळणारे मैल. ~ च्या डावीकडे ज्याचा उलगडा हवा ते, उजवीकडे ज्याच्या आधारे करायचा ते. उजवीकडची ही लेखनपद्धती विल्किन्सन आणि रॉजर्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. इथला + बेरजेचा नव्हे, 'हेही घ्या' असे सांगणारा. तसाच − म्हणजे 'हे वगळा'. म्हणून 'उत्पन्न-खर्च' नावाचा स्तंभ पेस्टने चिकटवला आणि तक्त्यात उत्पन्न व खर्च हे स्तंभ वेगळेही असले, तर मॉडेलमध्ये एकटे उत्पन्न जाते आणि आर चकार शब्द काढत नाही. अशा नावाला उलटी अवतरणे हवीतच. रिफॉर्म्युलेट हे फंक्शन चिकटवाचिकटवी वाचवते, पण ही खबरदारी त्यालाही चुकत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ॲज.फॉर्म्युला अक्षरांचे सूत्र करते तेव्हा आपल्याला कुठून बोलावले, ते एन्व्हायर्न्मेंटही त्यावर नोंदवते. पाणिनीचे सूत्र सुटे वाचले तर अर्थ अपुरा राहतो, आधीच्या सूत्रांतून पदांची अनुवृत्ती घ्यावी लागते. इथेही तक्त्यात न सापडलेले नाव सूत्राच्या जन्मस्थळी शोधले जाते. एलएम या रेषीय मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनला दिलेली वजने, म्हणजे वेट्स, हाच नियम पाळतात. सूत्र बाहेर बनले आणि वजने फंक्शनच्या आत ठेवली, तर ती सापडत नाहीत. बाहेर त्याच नावाची, तेवढ्याच लांबीची दुसरी रांग पडलेली असेल तर तीच उचलली जाते. पहिल्या प्रकारात निदान चूक कळते!

फिट <- एलएम(सू, डेटा = एमटीकार्स)

यात अवघड काही नाही. अश्वशक्ती तेवढीच राहिली तर दर हजार पौंडांमागे गॅलनला सुमारे ३.८८ मैल कमी.

फिट$कॉल

उत्तर येते: एलएम(फॉर्म्युला = सू, डेटा = एमटीकार्स). पन्नास मॉडेले, पन्नासांवर 'सू' हेच नाव. आकडे बरोबर असतात, पण छापील पानावरून कोणते मॉडेल कोणते ते उमगत नाही. उपाय डू.कॉल("एलएम", लिस्ट(सू, क्वोट(एमटीकार्स))). मग कॉलमध्ये पूर्ण सूत्र उमटते. क्वोट मात्र विसरू नये, नाहीतर त्याच जागी ३२ मोटारींचा अख्खा तक्ता ओतला जातो.